उसनं दिलेलं चित्र

इंदूबाई लग्न होऊन बौद्धवाडीत आली त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. चुलीपुढे बसून ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि मागल्या परड्यात तिचा सासरा मोरू आणि कुंपणापलीकडचा बाळाजी यांची अशी जुंपली होती, की कोंबड्यासुद्धा दाणे टिपायचं सोडून ऐकत उभ्या होत्या. नव्या सुनेने बाहेर डोकावायचं नसतं. पण डोक्यावर पदर घेतला म्हणून कान काही बंद होत नाहीत.

भांडण टीव्हीवरून होतं. मोरूच्या थोरल्या पोराने गोदीतल्या पगारातून टीव्ही आणला होता, चौलपासून रेवदंड्यापर्यंतच्या वाड्यांत पहिला म्हणा ना. पण चित्र काही उमटेना, नुसत्या मुंग्या. कुणीतरी सांगितलं, अँटेना उंच चढवा. आता उंच म्हणजे काय, तर कुंपणाच्या रेषेवर उभा असलेला नारळ. नारळ बाळाजीचा. मोरूने विचारलंबिचारलं नाही, सकाळीच माणूस चढवला आणि अँटेना बांधून मोकळा झाला.

"झाड माझं हाय," बाळाजी ओरडत होता. "म्हंजे झाडावर उतरलेलं चित्र पण अर्धं माझं."

"चित्र मुंबईवरनं वाऱ्यावर येतंय. वारा काय तुझ्या बापाने लावलाय?"

"मग वाऱ्यालाच बांध तुझी ती काठी! उतरव आधी."

"उतरवतो की. उद्या क्रिकेटची मॅच हाय, ती झाली की उतरवतो."

बाळाजी थांबला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "कुणाची मॅच?"

भांडण संपलं ते तिथंच. दुसऱ्या दिवशी टीव्ही मागल्या खिडकीत ठेवला, तोंड परड्याकडे करून. कुंपणाच्या अलीकडे बौद्धवाडी बसली, पलीकडे बाळाजीचा सगळा गोतावळा. त्या काळी बाळाजीच्या घरचं कुणी मोरूच्या घरचं पाणी पीत नसे. पण चित्र सगळ्यांनी एकाच भांड्यातलं प्यायलं, त्याला काही विटाळ झाला नाही. अँटेना पुढे किती वर्षं त्या नारळावर राहिली. झाड त्यांचं, चित्र आपलं, कुणी कुणाला पैसा दिला नाही. टीव्ही म्हणजे काय याची जी समजूत इंदूबाईच्या डोक्यात त्या दिवशी बसली ती चाळीस वर्षं जागची हलली नाही. हलली असती तर पुढचा घोळ झाला नसता.

इंदूबाई आता साठीच्या पुढे आहे. नवरा बुधाजी जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा रत्नपाल रोह्याला कंपनीत, लेक कळंबोलीत दिलेली. घरी ती, चार कोंबड्या आणि वालाचा एक तुकडा. वाल भिजवून, मोड आणून, सोलून ती रेवदंड्याच्या बाजारात बिरड्याला विकते. पण वाडीत तिला विचाराल तर हे तिचं काम नव्हेच. तिचं काम म्हणजे विहाराची चावी.

रोज दिवे लागायच्या वेळेला ती विहार उघडते, झाडते, बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते, आणि मग मागल्या खोलीतली भांडी बघते. समाजाची भांडी. दोन मोठे टोप, पराती, तीन घागरी, डाव, झारे. लग्न, बारसं, पुण्यानुमोदन, कुणाकडे काही असो, भांडी इथूनच जातात. इंदूबाई दुसरीपर्यंत शिकली, नावं लिहायचा तिला कंटाळा. तिने खोलीच्या भिंतीवर प्रत्येक घराची एक खूण काढली आहे, कोळशाने. कुणाची होडी, कुणाचा फणस, मास्तरणीच्या घराला छत्री. भांडं गेलं की खुणेपुढे एक रेघ. परत आलं की थुंकीने अंगठा ओला करायचा आणि रेघ पुसायची. इतक्या वर्षांत एक पळी हरवली नाही.

नियम तीनच. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. आलेलं भांडं वाजवून घ्यायचं. आणि कुणाच्या चुलीवर चढलेलं भांडं ओढून आणायचं नाही, मग तुमची कितीही अडचण असो.

आता क्रांतीचं सांगायला हवं. क्रांती ही रत्नपालची मुलगी, पण वाढली इंदूबाईकडे. आपल्या रायगडात पोराला नीट चालता यायच्या आधी कबड्डी येते, हिला तर पाळण्यातच आली असावी. अंगण सारवलं की ती ओल्या सारवणावर खेळायची, पाय माखायचे, आणि इंदूबाई ओरडायची, "तळवे पूस आधी, घसरशील!" मग पोर एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाचा तळवा पोटरीला पुसायची. पंधराव्या वर्षी ती खेळाच्या होस्टेलला गेली. आता एकोणीसची आहे. या साली मुलींची एक मोठी स्पर्धा निघाली, लांब तिकडे हरियाणात, आणि त्यातल्या एका संघाने क्रांतीला घेतलं. चढाई करायला.

बातमी आली तेव्हा इंदूबाईने पहिला प्रश्न विचारला, "टीव्हीवर दिसंल?"

"दिसेल ना आजी. ॲपवर."

तिला वाटलं, ॲप हे गावाचं नाव असेल, तिथून दाखवत असतील.

शेजारची सून प्रज्ञा, ती भिंतीवरची छत्री, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. तिने समजावून सांगितलं. विहारात रत्नपालने दिलेला मोठा टीव्ही होता, वरती डिश होती, वायरीचं नेटसुद्धा होतं. डिशवाल्याला दर महिन्याला पैसे जात. नेटवाल्याला वेगळे. एवढं भरल्यावर ॲपवाला म्हणतो, माझे कुठे आहेत?

"म्हंजे म्हशीच्या चाऱ्याचे पैसे एकाला, पेंडीचे दुसऱ्याला," इंदूबाई म्हणाली, "आणि धार काढायला गेलं की तिसरा म्हणणार, बादली माझी हाय, भाडं दे."

"तसंच काकी. अगदी तसंच."

बिरड्याच्या पैशांतून निळ्या चित्राचं ॲप घेतलं. त्यात पुरुषांची कबड्डी होती, क्रिकेट होतं, बर्फावरून घसरणारी गोरी माणसं होती. क्रांती नव्हती. क्रांतीची पहिली मॅच झाली त्या दिवशी इंदूबाई दीड तास त्या घसरणाऱ्या माणसांकडे बघत बसली, आता येईल, मग येईल. संध्याकाळी फोन आला. "आजी, निळ्यावर नव्हतं गं. मुलींचं पिवळ्यावर असतं."

"मग पुरुषांचं निळ्यावर का?"

"ते मला पण माहीत नाही."

मग पिवळं घेतलं. प्रज्ञाने घाईत त्यातलं स्वस्तातलं घेतलं, आणि ते निघालं फक्त फोनपुरतं. टीव्हीवर लावायला गेलं की काळा पडदा आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. फोनवर दिसलं, पण इंदूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. खारी बिस्किटाएवढ्या काचेत चौदा पोरी इकडून तिकडे पळत होत्या, जशा साखरेच्या डब्यातल्या मुंग्या. त्यातली आपली मुंगी कुठली? चाळीस वर्षांपूर्वी मुंग्या होत्या त्या फुकटच्या होत्या, आता त्यालाही पैसे पडले.

त्या संध्याकाळी क्रांतीने विचारलं, "बघितलीस?"

"बघितली की. काय खेळलीस गो!"

"कुठल्या रंगाची जर्सी होती माझी?"

इंदूबाईने फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"आजी, मी आज खेळलेच नाही. बाकावर होते." पोरीचा आवाज एकदम लहान झाला. "न बघता खोटं नको ना बोलूस. इकडे माझं कोणीच नाही बघायला. बाकीच्या मुलींच्या आया व्हिडिओ कॉल करून सांगतात, तुझा पाय असा पडला, तुझा हात तसा गेला. मला कोण सांगणार?"

हे इंदूबाईच्या जिव्हारी लागलं. तिने शब्द दिला, रविवारची चार वाजताची मॅच बघणार म्हणजे बघणार, आणि पाय कसा पडला तेही सांगणार. दुसऱ्याच दिवशी तिने पिवळ्याचं मोठं पॅक घ्यायला लावलं, टीव्हीवर चालणारं. दोन महिन्यांचं बिरडं त्यात गेलं.

पॅक घेताना प्रज्ञाने बजावलं होतं, "काकी, तुमच्या फोनवर चार आकडे येतील. ते कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचे नाहीत." आणि लगेच हात पुढे करून म्हणाली, "सांगा बघू, कुठले आले?"

यावरून इंदूबाईने जे समजायचं ते समजून घेतलं. जो मागतो त्याला सांगायचे.

वाडीत बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो. काकींकडे मोठं पॅक आहे. एकेक जण येऊ लागला. "काकी, तुमचा नंबर टाकलाय, चार आकडे आले असतील ते सांगा." ती फोन हातभर लांब धरायची, डोळे बारीक करायची आणि एकेक आकडा असा सांगायची, जणू परातीत लाडू मोजून ठेवतेय. पनवेलला असलेला पुतण्या, कळंबोलीचा नातू सनी, वाडीतलीच केसर. कुंपणापलीकडून बाळाजीचा नातू रितेशसुद्धा येऊन घेऊन गेला. इंदूबाईला वाटे, एक टोप आहे, त्यात समाज जेवतोय, यापरतं काय हवं? शिस्तीप्रमाणे तिने भिंतीवर रेघाही मारल्या, भांड्यांच्या रेघांच्या जरा वर, प्रत्येकीभोवती गोल काढून. अकरा रेघा झाल्या.

चित्र हे भांडं असतं, पण ते कितीही जणांना दिलं तरी आपल्याकडे उरतंच, अशी तिची पक्की खात्री. तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं ना परड्यात.

रविवारी साडेतीनलाच विहारातल्या सतरंज्या भरल्या. बायका, पोरं, दोन म्हातारे. प्रज्ञाने रिमोट घेतला, पिवळं चित्र दाबलं, क्रांतीच्या मॅचवर आली, दाबलं. काळा पडदा. खाली दोन ओळी.

"आता काय म्हनतंय?"

"म्हणतंय, एका वेळी दोन ठिकाणीच बघता येतं. दोन ठिकाणी चालू आहे आधीच."

"दोन? आपण तर अकरा जणांना दिलंय."

प्रज्ञाने कपाळाला हात लावला. "अकरा?"

"न्हाय म्हनायचं व्हतं का कुणाला?"

"काकी, ते विहाराचे टोप नव्हेत. दोन म्हणजे दोन. बारीक अक्षरात लिहिलं असणार, मीच वाचलं नाही." तिने फोनवर काहीतरी उघडलं. "थांबा. एक सनीचा फोन आहे. दुसरा एक टीव्ही आहे, त्याला नावच नाही. पण काळजी नको, इथे एक बटण आहे. सगळ्यांना एका फटक्यात बाहेर काढता येतं. दाबू?"

सतरंजीवरच्या बायका ओरडल्या, "दाब, दाब!"

"थांब," इंदूबाई म्हणाली. "बाहेर काढायचं म्हंजे? ते बघत असताना?"

"हो. त्यांचं बंद, आपलं चालू."

इंदूबाई टीव्हीकडे बघत राहिली. चार वाजायला दहा मिनिटं होती. एक बटण. पोर तिकडे चढाईला जाणार आणि संध्याकाळी विचारणार, माझा पाय कसा पडला. पण बटणाकडे बघताना तिच्या डोळ्यांपुढे दिसत होता तो कुणाच्या तरी चुलीवर रटरटणारा भात, आणि खालून टोप ओढणारा आपला हात.

"न्हाय दाबायचं."

"अहो काकी, तुमचं पॅक! तुमचे पैसे!"

"टोप पण समाजाचाच असतो गो. म्हणून काय कुणाचा भात सांडायचा? मागून बघूया. मागितलं की देतात लोक."

केसर पुटपुटली, "भात बाजूला ऱ्हायला, हितं मॅच शिजून करपंल."

सनीला फोन लावला. मागे कसला तरी आरडाओरडा चालला होता.

"आजी, जयभीम. बोल."

"सनी, ते पिवळं बंद कर बाबा. क्रांतीची मॅच हाय."

"अरे यार, आज हाय काय? आजी, फुटबॉलची पेनल्टी चालू हाय, टेन्शन नको घेऊ, पाच मिनट, लगेच बंद करतो. तुझी शप्पथ."

"माझी कशाला घेतोस, त्या बॉलची घे," म्हणून तिने फोन ठेवला.

आता दुसरा, बिननावाचा. इंदूबाई मागल्या खोलीत गेली, भिंतीपुढे उभी राहिली. वाडीतली घरं तर सगळी इथंच सतरंजीवर बसली होती. पनवेलच्या पुतण्याचा टीव्ही गणपतीपासून बिघडलेला. बोट एकेका रेघेवरून सरकत सरकत एका नारळाच्या झाडावर येऊन थांबलं. बाळाजीचं घर.

रितेशला फोन केला, तो काशीदला हॉटेलात कामाला, उचलेना. रविवारी तिथे पर्यटकांची झुंबड. घरी फक्त म्हातारी मनुबाई, बाळाजीची बायको. ती कानाने पार गेलेली, फोन वाजून वाजून फुटला तरी तिला पत्ता नाही.

"मी जाऊन येते," इंदूबाई म्हणाली आणि चपला पायात अडकवल्या.

"काकी, मी जाते पळत!"

"तू हितंच थांब. सनीने सोडलं की लावता कुणाला येणार हाय? मला?"

पूर्वी कुंपण होतं तिथे आता चिऱ्याची भिंत आहे, त्यामुळे परड्यातून हाक मारायची सोय राहिलेली नाही. रस्त्याने वळसा घालावा लागतो, ओढ्यावरचा साकव ओलांडून. गुडघे दुखणाऱ्या बाईला चांगली दहा-बारा मिनिटं. वाटेत ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. मनुवयनी, अर्धा तास बंद कर. मनुवयनी, आपलीच पोर हाय. पण मग तिला वाटलं, म्हातारी बिचारी दिवसभर एकटी, तिचं काहीतरी लागलेलं असेल, सासू-सुनेचं नाहीतर भजनाचं, तिने तरी का बंद करावं? वाक्य जुळेपर्यंत घर आलं.

मनुबाई खाटेवर पाय सोडून बसली होती. समोर टीव्ही. टीव्हीवर निळ्या गादीचं मैदान, आणि बाकावर बसलेल्या पोरींच्या रांगेत तिसरी, वेणी घट्ट बांधून, क्रांती.

इंदूबाई दारातच उभी राहिली. जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"ये गो इंदू, ये!" मनुबाई ओरडली. बहिऱ्या माणसाला वाटतं समोरचाही बहिरा. "किती उशीर! तुझी नात हाय ना ही? रितेश सकाळी लावून गेलाय, म्हनाला चारला हे बटण दाब. मी कधीची दाबून बसलेय. पण ही नुसती बसूनच हाय. हिला कुणी खेळायला घेत न्हाय काय?"

"घेतील," इंदूबाई मोठ्याने म्हणाली आणि खाटेच्या कडेला टेकली. विहारात परत जायचं म्हणजे पुन्हा बारा मिनिटं. आणि हा टीव्ही बंद करून तिकडे चालू करायचा, म्हणजे कुणासाठी? तिला तो हिशेब कळेना. ती बसली ती बसलीच.

मॅच अर्धी झाली. मध्यंतर झालं. दर दोन मिनिटांनी बनियनची जाहिरात. पैसे भरूनही जाहिरात का, हे विचारायला प्रज्ञा जवळ नव्हती. क्रांतीचा संघ सहा गुणांनी मागे.

आणि मग ते विचित्र प्रकरण सुरू झालं. चिऱ्याच्या भिंतीपलीकडून, विहाराच्या बाजूने, एकदम मोठा गलका उठला. इंदूबाईला कळलं, सनीने शब्द पाळला, वाडीत चित्र लागलं. पण गलका कशाचा? इथे टीव्हीवर तर काहीच झालेलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाची चढाई चालली होती. ती गोंधळून बघत राहिली. अर्ध्या मिनिटाने टीव्हीवर क्रांती बाकावरून उठली, जर्सी खाली ओढली आणि मैदानात आली.

इंदूबाईने भिंतीकडे बघितलं, मग टीव्हीकडे. वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, हे तिला ठाऊक होतं. इथे गडगडाट आधी आणि वीज मागून. एकच पोर, एकच मॅच, एकच पॅक, आणि वाडीला आधी दिसते, पैसे भरलेल्या बाईला मागून?

पलीकडून "हाय हाय" झालं.

"आता बाद व्हईल," इंदूबाई म्हणाली.

क्रांती बाद झाली.

मनुबाई तिच्याकडे बघायला लागली. थोड्या वेळाने पलीकडून टाळ्या आल्या. "आता परत आत येते बघ," इंदूबाई म्हणाली, आणि क्रांती आत आली.

"इंदू!" मनुबाईने खाट जरा बाजूला सरकवली. "तुझ्या अंगात तर आलं न्हाय ना गो?"

"अंगातबिंगात काय न्हाय वयनी. विहारातनं येतंय."

"आँ?"

"विहारातनं!"

"बुद्ध सांगतो तुला?"

इंदूबाईला हसू आवरेना, पण समजावायचं तरी काय, तिला स्वतःला कुठे समजलं होतं. शेवटचं मिनिट आलं. संघ तीन गुणांनी मागे. क्रांती चढाईला निघाली. मध्यरेषेपाशी थांबली, एका पायावर उभी राहिली आणि डावा तळवा उजव्या पोटरीला पुसला. हरियाणातल्या त्या कोरड्या ठणठणीत गादीवर, जिथे सारवण नाही की शेण नाही.

तेवढ्यात पलीकडून असा एक आवाज उठला, की नारळावरचे कावळे उडाले. सगळी वाडी एका घशाने किंचाळली. आनंदाची किंचाळी की घात झाल्याची, काहीच कळेना. आणि नेमकं त्याच वेळी टीव्हीवरचं चित्र थिजलं. क्रांती एका पायावर तशीच, आणि तिच्या तोंडावर एक गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय.

"काय झालं गो?" मनुबाई म्हणाली. "तू सांग ना. तुला कळतं ना आधी."

"ह्या टायमाला न्हाय कळत!" इंदूबाईने तिचा हात घट्ट धरला. तिकडे काहीतरी होऊन गेलेलं आहे, सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि ते इथे यायचंय. तिला आठवलं, बुधाजी ऑपरेशनच्या खोलीत होता तेव्हा दाराबाहेर ती अशीच बसली होती.

गोल थांबला. क्रांती आत घुसली, दोघींना शिवली, आणि त्याच दोघींनी मिळून तिला कमरेत, पायात, घोट्यात धरली. ती पडली. सरपटली. हात लांब लांब गेला, गळाला लागलेला मासा ओढावा तसा अंगाला ताण देत, आणि बोटं मध्यरेषेपलीकडे टेकली. पंचाने शिट्टी फुंकली, हात वर केला. क्रांती उठली आणि पुन्हा एकदा तळवा पोटरीला पुसला.

"जिंकली?" मनुबाई ओरडली.

"जिंकली असंल. वाडी केवढी बोंबलली!"

पण मग आकडे आले, दुसऱ्या संघाच्या पोरी नाचायला लागल्या, आपल्या पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या. आणि त्यावर पुन्हा बनियन. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"इंदू, नारळ आमचा ना गो," मनुबाई मग म्हणाली, कसलं कशाशी जोडून कोण जाणे. "तेव्हा अर्धं चित्र आमचं व्हतं. आता सगळंच तुझ्याकडनं आलं. चाय घे, मगच जा."

इंदूबाई चहा घेऊन निघाली. साकवावर होती तोच फोन वाजला.

"आजी, बघितलीस?" आवाजात भीती होती, खोटं ऐकायची.

"बघितली."

"खरं?"

"डावा तळवा उजव्या पोटरीला पुसलास. एकदा जायच्या आधी, एकदा उठल्यावर. आणि बाद झालीस तेव्हा तुझं ध्यान डाव्या बाजूला व्हतं, उजवीकडची पोर आली कधी ते तुला दिसलंच न्हाय. तिकडं गादीवर कशाला गो तळवे पुसतेस?"



"सवय आहे," क्रांती म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "एका गुणाने हरलो आजी."

"हरलो? मग वाडी का नाचत व्हती?"

"मला काय माहीत!"

"मला पण न्हाय," इंदूबाई म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

विहारात ती पोचली तेव्हा सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या. सगळी घरी गेली होती, प्रज्ञा फक्त थांबली होती, शनिवारच्या बारशाचा टोप परत आणून.

"काकी, होतात कुठे? आम्ही सगळं बघितलं, तुम्हीच नाही! दोन गुण घेतले पोरीने, दोघींना ओढून! हरली तर हरली. तुमचं मात्र चुकलं."

"बघितलं. तुमच्या मागनं," इंदूबाई म्हणाली. प्रज्ञाने ते कसं ते विचारलं, आणि इंदूबाईने जे सांगितलं ते ऐकून मास्तरीण असूनही तिलाही नीट उलगडलं नाही.

"आता तरी त्या वरच्या रेघा पुसा. सगळ्यांना बंद करून टाकू. पुढच्या रविवारी परत मॅच आहे."

दारात केसर डोकावली. "काकी, माझ्या फोनवरचं गेलं गो. परत नंबर टाकलाय, चार आकडे आले असतील."

इंदूबाईने फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि एकेक आकडा सांगितला. "पण एक लक्षात ठेव. रविवारी चार ते पाच चूल रिकामी ठेवायची. मनुवयनीला सोडून सगळ्यांनी."

"मनुबाईला का सोडून?"

"तिला ऐकू येत न्हाय. तिने निदान बघावं तरी."

केसर गेली, प्रज्ञा मान हलवत गेली. इंदूबाईने मूर्तीपुढे आणि फोटोपुढे मेणबत्ती लावली. मागल्या खोलीत जाऊन बारशाचा टोप उचलला, उपडा केला, बोटाच्या पेराने वाजवला, कान लावून ऐकलं. खणखणीत होता. अंगठा ओला करून छत्रीपुढची खालची रेघ पुसली, वरच्या गोलाला हात लावला नाही. टोप जागेवर ठेवला. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, दोनदा हिसडून बघितलं आणि चावी कमरेला खोचून ती कोंबड्या डालायला घराकडे गेली.